ग्राइंडरचं आमंत्रण

व्हाइटफील्डच्या आमच्या कंपनीत गिझर, पाण्याचा पंप आणि इडलीच्या पिठाचा ग्राइंडर, तिघांचं सर्किट एकच, प्रोग्रामही एकच. कुणी कधी थांबायचं, काय बोलायचं, कुणी गप्प बसायचं, हे मात्र ज्याच्या त्याच्या हेडर फाइलमध्ये. आमचे साहेब, निपाणीचे कल्लाप्पाअण्णा, यांनी शिस्त लावलेली: बिल्ड करताना, म्हणजे प्रोग्राम यंत्रात भरण्याजोगा तयार करताना, यंत्राचं नाव टाइप करायचं. नाव नाही, तर बिल्ड नाही.

पुण्याहून आलेल्या शुभंकरला याचा जाच वाटे. दिवसातून पाचदा चहाला खाली उतरायला त्याला वेळ असे, सहा अक्षरं टाइप करायला नसे. त्या दिवसांत तो गिझरवर काम करत होता, म्हणून त्यानं गुपचूप डिफॉल्टची सोय करून ठेवली: नाव दिलं नाही, तर गिझर समजावं. मग कुणाला सांगायचं राहिलं, आणि पुढे तो स्वतःही विसरला.

शनिवारी राजाजीनगरात कावेरीअक्कांच्या हॉटेलात ग्राइंडर दाखवायचा होता. अक्कांना पसंत पडला तर शुभंकर नोकरीत कायम, नाहीतर प्रोबेशन आणखी सहा महिने. निघायच्या घाईत त्यानं नाव न टाकताच बिल्ड केलं.

दगड झकास फिरले. शुभंकरनं कॉलर नीट केली. दहाव्या मिनिटाला मोटर तापली, आणि ग्राइंडर थांबून गोड बायकी आवाजात कानडीत म्हणाला, "नीरू कादिदे, स्नानक्के बन्नी." म्हणजे पाणी तापलंय, अंघोळीला या.

इडली खाणाऱ्या एका गृहस्थांनी हळूच स्वतःच्या शर्टाचा वास घेतला.

कल्लाप्पाअण्णा शुभंकरच्या कानाशी वाकले. "नाव घातलं होतंस काय रे?"

"डिफॉल्ट होतं, अण्णा."

"ते कुणी ठेवलं?"

शुभंकर सांबाराच्या पातेल्याकडे बघू लागला.

अक्का मात्र पदरानं डोळे पुसत हसत होत्या. ग्राइंडर बोलतो, हे आधी का नाही सांगितलं, असं त्यांनी विचारलं. पीठ झालं तरी त्यांचे आचारी मोबाइलमधून मान वर काढत नाहीत. हीच बाई ठेवा, पण अंघोळीला नको, पिठाला बोलवू दे, म्हणाल्या. सोमवारपर्यंत जमेल तर ग्राइंडर पसंत.

बोलक्या ग्राइंडरची चौथी हेडर फाइल अर्थात शुभंकरच्याच गळ्यात पडली. सोमवारी ती लिहून त्यानं सवयीनं नाव न टाकता बिल्ड दिलं. अण्णांनी डिफॉल्ट केव्हाच उडवलं होतं. स्क्रीनवर ओळ उमटली: "यंत्राचं नाव? आठवत नसेल तर अंघोळ करून या."

शुभंकरनं मुकाट्यानं नाव टाइप केलं. संध्याकाळी तो कायम झाला.