कोटाएवढा डाग

माझे डोळे गेले, असं माझ्या मुलाने परस्पर जाहीर करून टाकलं. आमच्या या फ्रेमच्या दुकानात पस्तीस वर्षं काच मी कापली, मी पुसली, आणि आता याच्या मते मला काचेवरचा डाग दिसत नाही! कारण काय, तर चार महिन्यांत चार फ्रेमा परत आल्या. फोटो धुक्यात, काचेला आतून धुरकट साय.

"आई, तुझ्याकडून नीट पुसलं जात नाही गं. तू आता काउंटरला बस. सोमवारपासून कामाच्या टेबलावर नवा माणूस येतोय."

काउंटरला बस म्हणे. मी काय पावतीपुस्तक आहे?

खरं सांगते, वरून फणफणले तरी आतून टरकले होते. अलीकडे उजव्या डोळ्यापुढे पांढुरकं यायचं, आणि ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. म्हणून चारही वेळा निमूटपणे काच पुन्हा पुसून दिली. चुकलं असेल आपलं, म्हटलं. माझ्या तोंडून असलं काही निघालेलं या घरात कुणाला आठवत नाही, यावरून काय ते समजा.

शनिवारी पाचवी फ्रेम घेऊन एक वकीलबाई आल्या. निवृत्त होताना काळ्या कोटात काढून घेतलेला त्यांचा फोटो, आमच्याकडेच छापलेला. "महिनाभरात माझं भूत झालं हो," त्या म्हणाल्या.

मुलगा लगेच हात जोडून, "माफ करा हं, आईला हल्ली नीट दिसत नाही."

परक्या बाईसमोर! माझं डोकंच फिरलं. काच कापायचा हिरा मी उचलून एप्रनच्या खिशात टाकला, फ्रेम घेतली आणि टेबलाशी जाऊन उभी राहिले. "आता लाव या टेबलाला हात. बघतेच मी."

मागचे खिळे उपटले, पुठ्ठा काढला, फोटो बाजूला ठेवला. काचेच्या आतल्या अंगावरून बोट फिरवलं. कडेला काच कोरडी, बोट कर्रकन वाजलं. मध्ये आलं तशी चिकट, तेलकट. मी त्या चिकटपणाच्या काठाकाठाने बोट नेत गेले. वळून खाली उतरलं. हा खांदा? ही बाही?

"सूनबाई, काळा कागद आण गं!"

काचेखाली कागद सरकवला आणि चौघांनाही दिसलं. डाग म्हणजे अख्खा कोट होता, बाह्यांसकट. चेहऱ्याच्या जागी जेमतेम पुसट, आणि मागच्या पांढऱ्या भिंतीच्या जागी काच लख्ख.

"आता तुम्हीच सांगा वकीलबाई, दिसत नसलेली बाई काच पुसताना नेमकी तुमच्या कोटाएवढीच जागा सोडते का?"

वकीलबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि वाकून पाहिलं. "छे. जिथे शाई दाट, तिथे डाग दाट. हे शाईतून आलंय."

"आणि चार महिन्यांपूर्वी या दुकानात काय आलं?" मी मुलाला विचारलं.

तो कोपऱ्यातल्या नव्या प्रिंटरकडे बघत राहिला. लाडका प्रिंटर त्याचा. फोटो बाहेर पडला रे पडला की तसाच काचेखाली, गिऱ्हाईक तासाभरात खूश.

 सून म्हणाली, "फोटोच्या कागदाच्या पाकिटात चिठ्ठी होती, आई. फोटो दिवसभर उघडा वाळवायचा. मग त्यावर साधा कागद ठेवायचा. शाईतला ओलावा शोषून तो सुरकुतला की दुसरा. कागद सपाट राहायला लागला की मगच काच. मी सांगितलं होतं, पण हे म्हणाले, गिऱ्हाईक थांबत नाही."

"आणि खापर फोडायला आई आहेच!"

मुलाने मान खाली घातली. बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

"उद्या माझ्याकडे मंडळी येणार आहेत," वकीलबाई म्हणाल्या. "उद्याच मिळेल?"

"देतो," मुलगा सवयीने म्हणाला.

"देत नाही," मी म्हटलं. "महिनाभर काचेत कोंडलाय तो. वरून कोरडा दिसतो, आतलं कोण बघतंय? आठवडाभर वाळेल. मग भोवती जाड पुठ्ठ्याची चौकट घालीन, म्हणजे काच फोटोला टेकणार नाही. मंडळींना पुढच्या आठवड्यात बोलवा."

वकीलबाई हसल्या. "काच तुम्हीच पुसणार ना?"

"म्हणजे काय!"

त्या गेल्यावर मुलगा जवळ आला. "चुकलो, आई. सोमवारच्या माणसाला नको म्हणून कळवतो."

"नको कशाला? येऊ दे." आता सांगायची भीती उरली नव्हती. "मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय. उजव्या डोळ्याने खरंच धूसर दिसतंय, तीन महिने झाले."

त्याने काच उचलून पुन्हा पाहिली. "मग हा डाग तुला दिसला कसा?"

"दिसला कुठे? बोटाला लागला. डोळ्याचं काय ते करून येईपर्यंत टेबल सांभाळेल तो माणूस. पण फोटो वाळल्याशिवाय काच लावायची नाही, हे त्याला पहिल्याच दिवशी सांग."

"सांगतो." त्याने हात पुढे केला. "मग हिरा दे, त्याला लागेल."

"त्याला दुसरा आण," मी म्हटलं, आणि खिशावर हात ठेवून काच पुसायला घेतली.