कापसाचा बोळा

शर्वाणीची वाफ झाली ती तिसऱ्या तासाला. इशारा तिच्या डायरीत आदल्या दिवशीच लाल शाईत होता: 'उद्या कापूर तापवण्याचा प्रयोग. नरसाळ्याच्या नळीत घालायला प्रत्येकीने कापसाचा बोळा आणावा.' शाळेला रोज काहीतरी हवंच असतं. परवा पुठ्ठा, काल भोपळ्याच्या बिया. तिच्या आईनं, केतकीनं, सही ठोकली आणि ती डबा भरायला वळली.

आता शाळेनं बोलावल्यावर केतकी वर्गात उभी होती. टेबलांवर काचेची नरसाळी पालथी होती. नळ्यांना बोळे होते आणि आत मुली वाफेतून पुन्हा नीट जमून वह्या लिहीत होत्या. शर्वाणीचं नरसाळं तेवढं बोळ्याविना, रिकामं. वर्गभर तिच्या केसांच्या तेलाचा वास.

"पाणी तरी व्हायचं होतं," केतकी म्हणाली. बीएस्सी झालेली होती ती. "फडक्यानं टिपली असती."

"थेट वाफ होते, मॅडम. मधली पायरी नसते," टिकेकर बाई म्हणाल्या. "हजेरी मांडलीये मी. वास आहे ना वर्गात."

"वास घरी कसा नेऊ?"

"डायरी वाचत जा हो जरा."

केतकीनं वॉटरबॅगमधला बर्फ रुमालात बांधून काचेवर दाबला. आतून पांढरे कण धरू लागले. आधी रिबिनीचं टोक, मग डावा कान, त्यातली इवली बाळी.

"एका जागी थांबायला काय होतं गं तुला?" केतकी खेकसली.

कान लाल झाला.

तास संपला. शिपाई नामदेवमामा आत आले.

"ताई, पोरी उकडून राह्यल्या ना इथं," म्हणत त्यांनी पंखा लावला आणि खिडक्या उघडल्या.

"पंखा नको!"

तोवर तेलाचा वास अकोल्याच्या उन्हात निघून गेला होता.

तेव्हापासून केतकी डब्यात बर्फ, बर्फात कान घेऊन दारोदार फिरते. "वास येतोय ना, मग असेल इथंच कुठंतरी," लोक म्हणतात. कुलूप असलं की ती चिठ्ठी सरकवते. तुमच्या दाराखालून आली ती ही:

'फ्रिजच्या दारावर, माठाच्या बुडाशी पांढरं काही धरलं असेल तर पुसू नका. आधी पंखा बंद करा. डावा कान माझ्याजवळ आहे. उजवा सापडला तर त्यात हळूच सांगा, आईनं कापूस आणलाय. लाल होतो का, तेवढं बघा.'