भिंतीवरचं तिसरं पत्र

बाबांनी कंपनीला लिहिलेलं नववं पत्र सोमवारी सकाळी नेमकं तिच्याच स्क्रीनवर येऊन पडलं. ईमेललासुद्धा 'सा. न. वि. वि.'नं सुरुवात करणारा ग्राहक जगात एकच होता, आणि तो तासाभरापूर्वी तिच्याच हातचा चहा पिऊन घराबाहेर पडला होता.

कंपनीचं अ‍ॅप कमी ऐकू येणाऱ्यांसाठी होतं. समोरचा बोलला की शब्द फोनवर उमटत. तीस वर्षं करवतीच्या यंत्राशेजारी काढून बाबांचे कान गेले होते, आणि आता ते सुतारकामाच्या शाळेत अठरा जणांना शिकवत होते ते या फोनच्या जिवावर. अडचण एवढीच, की अठरा जणांचं बोलणं एकाखाली एक उमटे, पण कोण काय बोललं ते कळत नसे. चूक एकाची आणि बोलणी दुसऱ्याला, असं रोज चाललं होतं. गेल्या आठवड्यात तर त्यांनी वर्गातल्या सगळ्यात गुणी मुलीला भलत्याच कुणाच्या वाह्यात शेऱ्यासाठी बाहेर काढलं. ती रडत गेली. नवव्या पत्रात बाबांनी लिहिलं होतं, 'कोण बोलतंय ते दाखवा. जमणार नसेल तर तसं सांगा. शुक्रवारी मी राजीनामा देणार आहे.'

ग्राहकांच्या पत्रांना उत्तरं देणं हे तिचं काम. उत्तर ठरलेलं होतं, 'प्रिय ग्राहक, आपली सूचना आमच्यासाठी मोलाची आहे.' बाबांना तिने ते आठ वेळा पाठवलं होतं. लेक त्याच कंपनीत आहे हे त्यांना ठाऊक होतं, पण ती तिथे काय करते ते तिने सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलं नव्हतं. वशिल्यानं लाकूड सरळ होत नाही, असं त्यांचं म्हणणं.

खरी गंमत शेजारच्या खोलीत होती. बाबांना हवी ती सोय तिथे जवळपास तयार होती, प्रत्येकाचं बोलणं वेगळ्या रंगात. भिंतीवर बाबांचंच तिसरं पत्र नाव खोडून, मोठं करून लावलेलं. या माणसाच्या पत्रावर आमचं सगळं काम चाललंय, असं विभागप्रमुखांनी तिला कौतुकानं सांगितलं होतं, आणि त्याच दमात बजावलं होतं की बाहेर अवाक्षर काढायचं नाही, घरीसुद्धा नाही. दुसऱ्या कंपनीच्या कानावर गेलं तर? आणि ऐनवेळी सोय रद्दच झाली तर?

तरी ती त्यांच्याकडे गेली. या एका ग्राहकाला 'जरा थांबा' एवढंच लिहू का, म्हणाली. 'जरा थांबा' हीसुद्धा बातमीच, असं ते म्हणाले. मग आपण लोकांना विचारतो कशाला, असं तिने विचारलं. न विचारता कळणार कसं, म्हणाले. दोन्ही उत्तरं तिला पटली, आणि तिथेच तिचं डोकं गरगरलं. विचारायचं ज्याला, लपवायचंही त्याच्यापासूनच. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, अशातली तऱ्हा.

गुरुवारी संध्याकाळी बाबांनी राजीनाम्याचा कागद तिच्यापुढे ठेवला, शुद्धलेखन बघ म्हणाले. दोघांच्या मध्ये फोन होता. या आठवड्यात देऊ नका, असं ती म्हणाली आणि ते फोनवर उमटलं. का, असं त्यांनी विचारलं. 'असंच' उमटलं. मग बाबा भडकले. असंच म्हणून काय मुलांवर रोज अन्याय करत बसू? आणि तो कंपनीत बसून उत्तरं पाठवणारा कोण शहाणा आहे, त्याच्यापेक्षा दगड बरा. दगड निदान गोड बोलत नाही.

"ती मीच आहे, बाबा."

बाबांनी फोनवरचे शब्द दोनदा वाचले, मग मान वर करून खोलीभर पाहिलं. खोलीत दोघंच होते.

"हे कोण बोललं?" त्यांनी विचारलं.

तिला रडू आलं. त्यांच्या कानामागची पेन्सिल काढून तिने राजीनाम्याच्या पाठीवर लिहिलं, की तुमचं तिसरं पत्र आमच्याकडे भिंतीवर लावलंय, याहून जास्त मला सांगता येत नाही. बाबांनी कागदाची घडी करून खिशात घातली.

शुक्रवारी ऑफिसात गेल्या गेल्या ती शेजारच्या खोलीत डोकावली. भिंत रिकामी होती. काम पुरं झालं म्हणून पत्र काढलं, की काम गुंडाळलं म्हणून? तिला काही उमगेना. बाबांना आपण आशा लावली की थाप मारली, तेही कळेना. तिने विभागप्रमुखांना गाठून विचारलं.

"तुझा प्रश्न मोलाचा आहे," ते हसून म्हणाले. "वर कळवतो."

जागेवर आली तर दहावं पत्र येऊन पडलं होतं. 'सा. न. वि. वि. राजीनामा महिनाभर पुढे ढकलला आहे. महिना पुरेल का, एवढंच कळवावं. उत्तर देणाऱ्या मुलीवर माझा राग नाही.'

उत्तराच्या चौकटीत 'प्रिय ग्राहक' आपोआप येई, ते खोडता येत नसे. पुढचं ठरलेलं वाक्य तिने पुसलं आणि लिहिलं, 'मला माहीत नाही, बाबा. मलाही कोणी सांगत नाही.' मग पुन्हा न वाचता ते पाठवून दिलं.