खोलीची शांतता

आमच्या रहस्यपटात एका खुनाचे चार साक्षीदार आहेत आणि चौघंही खोटं बोलतात. पटकथा दादाची, दिग्दर्शनही त्याचंच. दादा माझा सख्खा भाऊ, आणि मी त्याची ध्वनिमुद्रक. घरचं माणूस हाताखाली असलं की ओरडायला बरं पडतं.

जिन्याच्या दृश्यात कठडा तुटला आणि नायिका खाली पडली. पाय मोडला बिचारीचा. दादाने सगळं खापर कठडा बसवणाऱ्या सुतारकाकांवर फोडलं. "कठडा पक्का आहे असं यांनीच सांगितलं, म्हणून मी शॉट घेतला." उद्या निर्मात्यासमोर बैठक आहे. तिथे हे कायम झालं की काकांना पुन्हा कुठल्याच सेटवर कोणी उभं करणार नाही.

मला विचारलं तेव्हा मी कानांवर हात ठेवले. म्हणाले, हेडफोन लावले होते, काही ऐकलं नाही. ध्वनिमुद्रकाने असं म्हणायचं आणि लोकांनी ते मानायचं! पण मानलं.

कुठल्याही खोलीत शूटिंग करण्याआधी मी सगळ्यांना गप्प उभं करून नुसती त्या खोलीची शांतता रेकॉर्ड करते. संवादांमधल्या फटी नंतर तिनेच बुजवायच्या असतात. त्या दिवशी जिन्यापाशी शांतता रेकॉर्ड झाली आणि मी मशीन बंद करायला विसरले. त्यात काका स्वच्छ बोलतात, "साहेब, कठड्याचा गोंद ओला आहे. जेवणानंतर घ्या." आणि दादा म्हणतो, "खिडकीतलं ऊन चाललंय. तिला काही सांगू नका, उगीच घाबरेल."

हे मी त्याच संध्याकाळी ऐकलं आणि मूग गिळून बसले. आपला तो बाब्या, दुसरं काय! स्वतःची लाज वाटायची, पण तोंड उघडायचं नाही.

आज दुपारी काका माझ्या स्टुडिओत आले. खुर्ची दिली तरी उभेच राहिले.

"पोरी, गोंद ओला असल्याचं मी साहेबांना बोललो होतो ना? की मनातच राहिलं?"

"आठवत नाही, काका."

"साहेब एवढं छातीठोक सांगतात, म्हणजे नसेनच बोललो. वय झालं आता." ते खिडकीकडे बघत राहिले. "हॉस्पिटलात जाऊन त्या मुलीची माफी मागतो. असं बोललं तर चालेल का बघ. बाई, माझ्या हलगर्जीपणामुळे तुमचा..."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी उठले, हेडफोन त्यांच्या कानांवर चढवले आणि रेकॉर्डिंग लावलं.

त्यांनी ते डोळे मिटून ऐकलं. पुन्हा लावायला सांगितलं.

"बोललो होतो की मी! चांगलं स्पष्ट बोललो होतो!" ते हसायलाच लागले.

"उद्या बैठकीत ऐकवते, काका. दादाला काय वाटायचं ते वाटू दे."

त्यांनी हेडफोन काढून जपून टेबलावर ठेवले. "हे तुला आत्ताच सापडलं असेल, नाही?"

नुसतं हो म्हटलं असतं तरी चाललं असतं. त्यांनीच वाट करून दिली होती.

"नाही. त्याच संध्याकाळी ऐकलं होतं."

काका माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "साहेबांचं मी मनावर घेतलं नव्हतं गं. तू मघाशी 'आठवत नाही' म्हणालीस, तेव्हा माझा माझ्यावरचा विश्वास उडाला."