एका दिवसासाठी नेलेली घंटा

मोठ्या बाईंना काय मिळणार होतं, ते आधी सांगते. म्हणजे पुढचा हिशेब सोपा जाईल. मोठ्या बाई म्हणजे आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. त्या वर्षी त्या निवृत्त होणार होत्या आणि घरी बसायची त्यांना मुळीच हौस नव्हती. अशात वरून फर्मान आलं: घरच्या आजारी माणसाची सेवा करून शाळेत येणारी मुलं शोधा, त्यांना आधार द्या. जी शाळा हे काम उठून दिसेल असं करील, तिच्या मुख्याध्यापिकेला मुदतवाढ. म्हणजे खुर्ची टिकवायला बाईंना एक मूल हवं होतं. फार नको, एकच. पण फोटोत बरं दिसेल असं.

मित्रांनो, मी त्याच शाळेची एक जुनी घंटा आहे. पितळेची, लाकडी मुठीची, हातात धरून वाजवायची. ओताऱ्यानं मला साच्यातून काढलं, टिचकी मारली आणि म्हणाला, "खणखणीत आहे. पोरं घाबरतील." घाबरलीच! शिपाईदादांनी मला हलवलं की अख्खी शाळा पळत सुटायची. सकाळी मी सगळ्यांची वैरीण, सुटताना सगळ्यांची लाडकी. माणसांचं प्रेम वेळापत्रकाप्रमाणे चालतं, हे मी तेव्हाच शिकले. पुढे भिंतीवर विजेची घंटा आली. ती कावळ्यासारखी ओरडते, पण तिला हलवावं लागत नाही. मग मी अडगळीच्या खोलीत गेले. कोणीतरी मला उलटी करून माझ्यात खडूचे तुकडे भरले.

उशिरा येणाऱ्या मुलांना ती खोली झाडायची शिक्षा असे. इतर मुलं अधूनमधून येत. ठमी मात्र जवळजवळ नेमाने येई. तिचा वर्ग शेजारीच होता, त्यामुळे दारातलं तिचं स्वागत मला ऐकू यायचं. "या, महाराणी!" वर्गशिक्षक म्हणायचे. "पालखी वेळेवर मिळाली नाही वाटतं?" वर्ग हसायचा. ठमीही हसायची. न हसल्यास सर आणखी एक विनोद करतात, हे तिला ठाऊक होतं.

एके दिवशी तिनं माझ्यातले खडू काढले, मला फ्रॉकला पुसलं आणि विचारलं, "दादा, ही नेऊ का घरी?"

"ने की! घंटा घरी असली, तर वेळेवर तरी येशील," शिपाईदादा म्हणाले. हा विनोद त्यांना इतका आवडला की भेटेल त्याला त्यांनी तो ऐकवला. घंटा कशाला हवी, हे विचारायचं मात्र राहून गेलं.

ती हवी होती आईसाठी. एक खोली, खिडकीशी खाट, खाटेवर ठमीची आई. झटक्यानं तिचं अर्धं अंग गेलेलं आणि वाचाही. वडील कामासाठी परगावी गेले, ते तिकडचेच झाले. सकाळी उठून आईला कुशीवर वळवायचं, चादर बदलायची, पाठ पुसायची, पातळ केलेलं जेवण चमच्याचमच्यानं भरवायचं. घाई केली की आईला ठसका लागे, म्हणून घाई करायची नाही. आता यात पालखी कुठून वेळेवर मिळणार!

सगळ्यात भीती कफाची. घशात कफ अडकला, की आईला कोणीतरी चटकन उठवून बसवावं लागे. नाहीतर श्वास कोंडे. हाक तर मारता येत नाही. म्हणून ठमीनं मला आईच्या धड हाताखाली ठेवलं आणि भिंतीपलीकडच्या काकूंशी करार केला: घंटा वाजली की काकूंनी धावायचं. काकू शिवणकाम करायच्या. मशीन थांबवून त्या येत, आईला बसवत आणि वर टोमणाही मारत, "आले हो, आले! किती बडवाल? घंटा आहे का माझं डोकं?" पण येत.

आई कधी कधी मला उगाचच वाजवायची. ठमी केस विंचरताना ओढाताण करू लागली, की टण्! "काय गं, आई, ओरडतेस?" ठमी म्हणे, आणि आई अर्ध्या तोंडानं हसे. माझ्या साऱ्या नोकरीत असं काम मला पूर्वी मिळालं नव्हतं.

शाळेतला शोध कसा झाला, ते ठमीनं एका संध्याकाळी आईला सांगितलं. सरांनी वर्गात विचारलं, "घरी कोण कोण मदत करतं? हात वर करा!" झाडून सगळे हात वर. एकानं सांगितलं, मी कुंड्यांना पाणी घालतो. सरांनी त्याला शाबासकी दिली. "आणि तू गं?" आईच्या भुवया विचारत होत्या. "मी बाहेर उभी होते," ठमी म्हणाली. "उशीर झाला होता ना."

शेवटी विनोदच कामी आला. शिपाईदादांनी घंटेचा किस्सा मोठ्या बाईंना ऐकवला आणि बाईंचे कान टवकारले: घरात घंटा लागते ती आजारी माणसालाच! दुसऱ्याच दिवशी बाई ठमीच्या घरी हजर!

"अगं बाई, आमचीच घंटा! आणि तू कधी बोलली नाहीस ते?"

"कोणी विचारलं नाही, बाई."

"बरं, आता ऐक. कार्यक्रमाचं उद्घाटन ह्याच घंटेनं करायचं. पाहुण्यांच्या हस्ते."

ठमीनं मला पदराखाली घ्यावं तसं फ्रॉकशी धरलं. "आईला लागते ती. दुसरी कुठली घ्या ना."

"एका दिवसाचा तर प्रश्न आहे! आणि हे सगळं कोणासाठी चाललंय? तुझी हजेरी भरत नाही, माहितीये ना? परीक्षेला बसता येणार नाही. या योजनेत आलीस की मी सवलत देईन, मधल्या सुट्टीत घरीही सोडीन."

ठमीला परीक्षा द्यायची होती. वर्ष वाया गेलं तर पुढचं वर्ष कोण देणार होतं? तिनं आईकडे पाहिलं. आईनं धड हातानं मला बाईंकडे ढकललं. सौदा तिनंच पक्का केला.

कार्यक्रमाच्या सकाळी ठमीनं माझ्या जागी स्टीलचा पेला आणि चमचा ठेवला. "हे वाजव हं, आई." काकूंनाही सांगायला गेली. "बरं, बरं," काकू मशीनवरून म्हणाल्या. मशीन चालू होतं.

पाहुणे उशिरा आले. त्यांना कोणी महाराणी म्हटलं नाही. ठमी व्यासपीठावर हार घालून बसलेली, पाय सारखे हलत होते.

"सर, मधली सुट्टी झाली. मी जाऊन येते."

"वेडी का खुळी? तुझाच सत्कार, आणि तूच नाहीस? बस खाली. हस जरा."

पाहुण्यांनी मला वाजवलं. टाळ्या झाल्या. सरांनी "आमची गुणी, कष्टाळू, लाडकी विद्यार्थिनी" यावर भाषण केलं. फोटो निघाले, आणि फोटोवाल्याचं बटण दाबून होताच ठमीनं बाईंच्या हातातून मला ओढलं आणि पळत सुटली. गळ्यात हार तसाच. वाटभर मी वाजत होते.

काकू दारातच दोरा ओवत उभ्या होत्या. "आलीस का गं? आज आई अगदी शहाण्यासारखी राहिली हो. एकदाही घंटा नाही. मधे काहीतरी पडल्यासारखं वाजलं, म्हटलं मांजर असेल."

पेला खाटेखाली घरंगळत गेला होता. चमचा आईच्या हातातच होता.

ठमीनं आईला उठवून बसवलं. पाठ चोळली. बराच वेळ चोळत राहिली. मग काकूंनी तिचे हात धरले.

शाळेत सगळ्यांनी दोन मिनिटं उभं राहून शांतता पाळली. त्यानंतर ठमी परीक्षेचं विचारायला गेली. मीही तिथेच होते, कारण "आठवण म्हणून" शिपाईदादांनी मला परत आणलं होतं आणि बाईंच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात बसवलं होतं.

"बाळ, वाईट वाटतं गं," बाई म्हणाल्या. "पण सवलत आजारी माणूस घरात असलेल्यांना आहे. आता तुझ्या घरी आजारी कोणी नाही. नियम मी थोडाच केलाय?"

मित्रांनो, तुमच्याही वर्गात एखादी ठमी असेल. तिचा सत्कार करू नका. ती उशिरा आली, तर हसायच्या आधी का आली ते विचारा. आणि जमलंच तर तिच्या घरी जाऊन घटकाभर बसा, म्हणजे ती तेवढा वेळ निर्धास्त राहील. टाळ्यांनी कोणालाही श्वास घेता येत नाही.

आता हिशेब मिटवते. मोठ्या बाईंना मुदतवाढ मिळाली. शाळेला मानपत्र, सरांना कौतुक, पाहुण्यांना फोटो, काकूंना मोकळी दुपार आणि मला काचेचं कपाट मिळालं. गेल्या आठवड्यात ठमीला आपल्या गावी नेणारे तिचे मामा शाळेतून तिचं नाव काढायला आले होते. बाईंनी विचारलं, "तिकडे कुठल्या शाळेत घालणार?"

"बघू पुढे," मामा म्हणाले. "सध्या आमच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्यात. पोरीला सवय आहे."

आईनं आपला वाटा एका दुपारीच भरला. ठमी अजून भरते आहे.