एक पाळी वाढवा

दुपार झाली की माझा सोलरचा इन्व्हर्टर रुसून बसायचा. भिंतीवर टक् असा आवाज, हिरव्याचा तांबडा दिवा, आणि पडद्यावर एकच रड, की ग्रिडचा, म्हणजे बाहेरच्या तारेचा, दाब जास्त आहे. जरा वेळाने आपोआप जोडला जायचा आणि पुन्हा टक्. छतावर ऊन आग ओकतंय आणि माझे पॅनल बिनकामाचे. शेजारच्या घरात ललितभाऊंचा, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांचा इन्व्हर्टर. त्याच खांबावर, त्याच कंपनीचा, एकाच दिवशी बसवलेला. तो मात्र सुखाने चालायचा.

दोन्ही बसवले साईने, माझ्या बहिणीच्या मुलाने. शहरात द्वारका चौकात त्याचं दुकान आहे. मखमलाबादच्या आमच्या मळ्यात त्याला मीच आणलं होतं आणि घरोघर सांगितलं होतं, माझा भाचा आहे, काम चोख करतो. आता वस्तीत एकच बोलणं, की भाच्याने मावशीलाच टोपी घातली, हलकी वायर टाकली. दोन घरांनी त्याला दिलेलं काम काढूनसुद्धा घेतलं. बोलण्यात सगळ्यात पुढे ललितभाऊ. माझ्याच ओट्यावर बसून, माझाच चहा पिऊन म्हणायचे, "वहिनी, नात्यातला माणूस कामाला लावू नये. नंतर तोंड उघडता येत नाय." राग असा यायचा की हातातली कपबशी काढून घ्यावी. पण इन्व्हर्टर तारेवरून सुटत होता हे तर खरंच होतं.

आमचे हे, धोंडीराम, अशा वेळी शेवंतीच्या टोपल्या भरत बसायचे. मुळात कमी बोलणारा माणूस. फार खोदून विचारलं तर म्हणायचे, यंत्र आहे, चालायचंच. मला वाटायचं, माझ्या माहेरच्या माणसाला लागेल असं काही तोंडून जायला नको म्हणून गप्प राहतात. त्यांचं मला कौतुक वाटायचं. काय पण कौतुक!

साई येत राहिला. त्याने सगळे जोड आवळले, न्यूट्रल तपासला, शेवटी पदरचे पैसे घालून मीटरपर्यंत आणखी जाड वायर ओढली. तरी टक्. मी त्याला सरळ सांगितलं, चूक तुझी असेल तर कबूल कर, मी पोटात घालीन. पण नसेल तर शोधून काढ, कारण तुझ्या नावाला लागलेला डाग मी ठेवणार नाही.

एका दुपारी ललितभाऊ घरच्यांना घेऊन पिंपळगावला लग्नाला गेले होते आणि हे मार्केटला. साईने शेजारी जाऊन बाहेरच्या भिंतीवरचा त्यांचा इन्व्हर्टर बंद केला आणि माझ्या इन्व्हर्टरपुढे येऊन बसला. ऊन कलेपर्यंत आम्ही दोघं बसलो. एकदाही टक् झालं नाही.

मग त्याने मला समजावलं. भर दुपारी वस्तीत वापर कमी असतो, दोन्ही घरांची वीज एकाच तारेने बाहेर ढकलली जाते, म्हणून दाब वाढतो. ठरलेल्या हद्दीबाहेर गेला की इन्व्हर्टर स्वतःला तोडून घेतो. दोघांची हद्द सारखी असली तर कधी हा सुटतो, कधी तो. एक सुटला की दाब उतरतो आणि दुसरा चालतो.

"पाण्याच्या पाळीसारखं," मी म्हटलं.

अगदी तसंच, तो म्हणाला. कायमचा इलाज म्हणजे वीजवाल्यांनी डीपीवरचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरचा, दाब उतरवणं, आणि तसा अर्ज त्याने केलाही होता. पण बंद करताना त्याने बघितलं, ललितभाऊंच्या यंत्रात कुणीतरी हद्द वर चढवून ठेवली होती. त्यामुळे ते कधीच सुटत नव्हतं आणि दर वेळी सुटायचा तो माझाच.

मी ललितभाऊंच्या नावाने बोटं मोडायला लागले, तरी साई मान वर करेना.

"मावशी, हद्द बदलायला पासवर्ड लागतो. तो मी ललितकाकांना दिलाच नव्हता. घरात कुणाजवळ तरी असावा म्हणून एकाच माणसाला सांगितला होता. आपल्या धोंडीरामकाकांना."

संध्याकाळी यांना विचारलं. नाकबूल गेले नाहीत. ललितने नवा एसी घेतला होता, त्याला पाळीपाळीने सुटणं परवडेना. त्याने मागितला, यांनी दिला. आपण दोघंच, आपल्याला कितीशी लागते वीज, म्हणाले.

"आणि साईचं नाव?"

"तरणा हाय तो. सावरल."

विजेचं मला काही नव्हतं. पण माझ्या भाच्याला लोक चोर म्हणताना या माणसाने रोज ऐकलं होतं, आणि रोज माझ्या हातची भाकरी मोडून खाल्ली होती. त्याने माझ्या काळजाला घरं पडली. मी एकच मागणं मागितलं, की विहिरीवर पाळ्या ठरतील तेव्हा सगळ्यांसमोर खरं सांगा. त्यांनी हो म्हणून मान हलवली.

होळी झाली की आमच्या सामाईक विहिरीचं पाणी खाली जातं. मग सगळी भावकी जमून पाळ्या लावते. जितक्या चुली तितक्या पाळ्या, हा आजेसासऱ्यांपासूनचा नियम. आधी वस्तीतले थोरले भिमाजी आण्णा विचारतात, मागच्या साली कुणी कुणाची पाळी मोडली का? मोडणाऱ्याने तिथेच सांगायचं. सांगितलं की विषय मिटला, पुन्हा कुणी काढायचा नाही. यांनी आयुष्यात कुणाच्या पाळीचं ओंजळभर पाणी घेतलं नाही, याचा मला केवढा अभिमान होता.

या वेळी मी साईलाही बोलावून घेतलं. आण्णांनी विचारलं. मी यांच्याकडे बघितलं. हे मोटारीच्या पाइपाकडे बघत होते. शेवटी मीच बोलले.

"आण्णा, विहिरीवरची नाय, पण तारेवरची माझी पाळी मोडलीय. कुणी, ते यांना विचारा."

"काय रे, धोंडीराम?"

"मला त्यातलं काय कळतंय?" हे म्हणाले. "साईचं काम हाय, साईला विचारा."

सगळ्या माना साईकडे वळल्या. त्याने नुसतं तोंड उघडायचं होतं. त्याने माझ्याकडे बघितलं, मग यांच्याकडे.

"वायरच हलकी होती माझी," तो म्हणाला. "आता बदललीय."

माझा संसार सांभाळायला त्याने स्वतःचं नाव विहिरीत सोडलं. ललितभाऊ म्हणाले, मी काय सांगत होतो? आणि माझ्या शेजारी यांनी सुटकेचा श्वास टाकला. तो मी ऐकला.

मी सगळं सांगितलं. पासवर्ड, एसी, चढवलेली हद्द, सगळं. कुणी ऐकून घेतलं नाही. मावशी भाच्याचीच कड घेणार, असं कुणीतरी म्हणालं आणि दोघंतिघं हसले. साई हात जोडून मला गप्प बसायला सांगत होता. हे अजून पाइपाकडेच बघत होते.

आण्णांनी विषय मिटवला. "तर मग पाळ्या मागच्यासारख्याच."

"एक वाढवा," मी म्हटलं.

"कुणाची चूल वेगळी झाली?"

"माझी."