कमी पडलेल्या सहा गोळ्या

दवाखान्यातल्या प्रांजलनं माझी डबी टेबलावर पालथी केली आणि पेनाच्या टोकानं गोळ्या मोजल्या. दोनदा मोजल्या.

"आप्पा, बारा उरायला पाहिजेत. सहाच आहेत."

दौंडच्या त्या दवाखान्यात माझ्या पित्ताशयावर संशोधन चाललं होतं. जेवल्यावर ती पिशवी नीट आवळत नाही, म्हणून दुखतं. झोपेच्या एका जुन्या गोळीनं फरक पडतो का, ते डॉक्टर सोनोग्राफीत बघत होते. रोज रात्री एक गोळी. गाडी चालवायची नाही, मशीनला हात लावायचा नाही. फॉर्म मी स्वतः वाचून सही केली होती. आमच्या गावाहून, निमोण्याहून, एस.टी.नं आलो तो त्याचमुळं.

"कुणाला दिल्या?"

"कुणाला न्हाई." मग राहवलं नाही. "घरातलीला. तिलाबी हितंच दुखतंय. चार दिवस एकेक, आन् आज सकाळी दोन."

प्रांजलनं पेन खाली ठेवलं. "काकू आत्ता काय करतायत?"

घड्याळात दहाला पाच मिनिटं कमी होती. आमच्या शिवारात थ्री फेज लाईट दहाला येते. लाईट आली की माझी बायको तुळजा कडबा कुट्टीच्या मशीनवर उभी राहते, हातानं वैरण पात्याकडं सारत.

तिचा फोन वाजून वाजून बंद झाला. शेजारच्या मच्छिंद्रला लावला.

"बोला आप्पा, फुगा फुटला का पोटातला?" माझ्या पित्ताच्या पिशवीला तो फुगाच म्हणायचा.

"पळ! काकू कुट्टीवर आसंल. गुंगीची गोळी खाल्लीय तिनं."

"मी पार खालच्या कांद्यात हाय..."

"कांदा मरू दे! पळ!"

फोन चालूच राहिला. त्याची धाप ऐकू येत होती. मग लांबून घरघर सुरू झाली. लाईट आली होती. प्रांजल उभी राहिली.

"काकू! हात काढ! काकू!"

घरघर थांबली.

"मच्छिंद्र?"

"हाय आप्पा. बटण बंद केलं. डोळं मिटून वैरण सारत व्हती. बांगड्या तेवढ्या गेल्या."

मागून तिचा जड आवाज आला, "मशीन कुणी बंद केलं रं? म्हशी उपाशी हायत्या."

मी खुर्चीत बसलो. प्रांजलनं फोन घेतला, काकूंना एकटं झोपू देऊ नका, लगेच दवाखान्यात न्या, असं दोनदा सांगितलं. मग माझ्याकडं वळली.

"संशोधनातून तुमचं नाव बहुतेक काढतील आता. फॉर्म वाचला होता ना, आप्पा?"

"वाचला व्हता," मी म्हणालो. "तिला वाचून दाखवला न्हाई."